वय त्रेचाळीस, लस दीड महिन्याच्या बाळाची

मुंबईत झालेलं माझं स्टेम सेल (अस्थिमज्जा) ट्रान्सप्लांट, तिथली खोली, केस जाणं हे सगळं पार पडलं, त्यावर बऱ्याच जणांनी लिहिलंय. ताईने दिलेल्या स्टेम सेल माझ्यात रुजल्या, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सलग तीन दिवस ५००च्या वर राहिले आणि वॉर्डात पेढे वाटले. मी घाईचा माणूस. मला वाटलं, झालं, आता नाशिक, मिसळ आणि ऑफिस.

डॉक्टरांनी तिथेच ब्रेक लावला. न्यूट्रोफिल दोन ते चार आठवड्यांत येतात, पण ते नुसते पहारेकरी. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना सहा महिने ते वर्ष लागतं, बाकीच्यांना कामाला लावणाऱ्या सीडी४ टी पेशींना त्याहून जास्त, कधी दोन वर्षं. टी पेशी तयार होतात थायमस ग्रंथीत आणि ती वयाबरोबर आक्रसत जाते, म्हणून मोठ्यांना जास्त वेळ. वर टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारं औषध) चालू. आणि लहानपणी घेतलेल्या लशींचं संरक्षण बहुतेक पुसलं जातं, त्यामुळे त्या पहिल्यापासून घ्यायच्या: न्यूमोकोकल तीन महिन्यांनंतर, घटसर्प-धनुर्वात-डांग्या खोकला वगैरे सहा महिन्यांनंतर.

माझी गाडी अडली ती इथे. आजारात नाही, लशीच्या टेबलावर.

शहरातल्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलच्या लसीकरण खोलीत गेलो. सिस्टरांनी चिठ्ठी वाचली आणि माझ्या मागे बघितलं.

"काका, बाळ कुठंय?"

"बाळ मीच."

त्या हसल्या, मीही हसलो. हसणं तिथेच संपलं. पाकिटावर लहान मुलांसाठी असं छापलंय, मोठ्यांना देता येणार नाही. मोठ्यांची धनुर्वाताची घ्या ना, एकच डोस, काम झालं! ट्रान्सप्लांटनंतर मुलांचीच द्यायला सांगतात कारण त्यात घटसर्प आणि डांग्या खोकल्याचा भाग जास्त असतो, हे मी सांगून बघितलं. पेशंटच्या तोंडून कोण ऐकतं? पत्र आणा म्हणाले. पत्र दाखवलं, तर झेरॉक्स चालणार नाही. मूळ पत्र मुंबईहून मागवलं, तर त्यावर शिक्का नाही. शिक्का मारून आणला, तर आमच्या डॉक्टरांची सही लागेल आणि आमचे डॉक्टर सुट्टीवर. शेवटी कॉम्प्युटरवरच्या मुलाने सांगितलं की जन्मतारीख टाकली की लशीचं नाव यादीत येतच नाही. हे त्याला पहिल्या दिवशी माहीत नव्हतं का? आणि हे सगळं खोकणाऱ्या पोरांच्या गर्दीत, मास्क लावून. ज्याला गर्दी टाळायला सांगितलंय, त्यालाच लशीसाठी गर्दीत उभं करायचं!

मुंबईत विकत घेऊन यावी, असंही मनात आलं. पण लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. कसारा घाटात ट्रॅफिक तुंबला की थर्मासचा भरवसा काय?

सुटलो ते एका बालरोगतज्ज्ञामुळे. त्यांनी माझ्यासमोर ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन लावला, दोन मिनिटं बोलले आणि फ्रीज उघडला. पुढचे डोस ओपीडी सुरू होण्याआधी, रिकाम्या दवाखान्यात. हे तुम्हीही मागा, लाजू नका.

म्हणून डिस्चार्जलाच पत्र घ्या: लशींची नावं, डोस, अंतर, "वय जास्त असूनही द्यावी" हे वाक्य, शिक्का, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि ते स्वतः उचलतात तो फोन नंबर.

आठवलं म्हणून सांगतो, घरात पोलिओचे थेंब घेतलेलं बाळ असेल तर त्याची लंगोटी दुसऱ्याला बदलू द्या. जिवंत विषाणू काही आठवडे शीतून पडतो. फ्लूची लस घरच्या सगळ्यांनी घ्यावी. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खणलेत, त्या धुळीत बुरशी असते, तिथून चालत जाऊ नका. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी तर विसराच. मी गच्चीवरून बघितली आणि चडफडलो.

ताईचा गट बी, माझा ओ होता. आता माझाही बी आहे, लायसन्सवर मात्र ओ. रक्त लागलंच तर ट्रान्सप्लांट झालंय आणि रक्त किरणं दिलेलं (इरॅडिएटेड) हवं हे आधी सांगा.

गोवर-रुबेलाची लस जिवंत, ती दोन वर्षांआधी नाही, आणि तेव्हाही टॅक्रोलिमस बंद असेल तरच. तिच्या पत्राचं मुंबईला आत्ताच सांगून ठेवलंय. शिक्क्यासकट.