डीजेवाल्याला एकच गाणं चारदा वाजवू द्या

आमच्या कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर धुळ्याचा एक गिटारवाला दोस्त आहे, त्याने परवा रात्री टाकलं की ईडीएम, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक, पार सडलंय, आता 1976 सारखं पंक, म्हणजे ते तीन कॉर्डचं राडेबाज रॉक, आल्याशिवाय हे सुधरत नाही, कोणीतरी येऊन सगळं फोडून टाकायला पाहिजे. त्यावर दोन अंगठे आले, एक हसणारं तोंड आलं आणि एकाने मध्येच रावेरचा केळीचा भाव टाकला, संपला विषय. मी तिथं काही लिहिलं नाही कारण एवढं लांबलचक व्हॉट्सॲपवर कोण वाचतं, म्हणून इथं लिहितोय.

त्याचं दुखणं खोटं नाहीये. मोठ्या फेस्टिव्हलचा कुठलाही व्हिडिओ लावा, स्नेअर ड्रमचा ठोका हळूहळू जवळ जवळ येत जातो, आवाज वर वर चढतो, हात वर करा म्हणतात, मग एक सेकंद शांतता आणि धाडकन ड्रॉप, म्हणजे सगळा बेस एकदम अंगावर, वरून कागदाचे तुकडे, आणि दर चार मिनिटांनी परत तेच. डेडमाऊ5 नावाच्या मोठ्या डीजेने स्वतः 2012 ला लिहून टाकलं होतं की मोठ्या शोमध्ये आम्ही सगळे प्लेच दाबतो. त्यावरून बोंबाबोंब झाली पण धंद्याला काही फरक पडला नाही, 2014 ला फोर्ब्सने केल्विन हॅरिस या डीजेची वर्षाची कमाई 6.6 कोटी डॉलर सांगितली. मग एसएफएक्स नावाची एक कंपनी जगभरचे फेस्टिव्हल विकत घेत सुटली, डीजेंना गाणी विकणारी बीटपोर्ट वेबसाइटसुद्धा घेतली, 2013 ला शेअर बाजारात उतरली आणि 2016 च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीत गेली. म्हणजे फुगा एकदा फुटूनही झालाय. तरी स्टेज काही खाली आलं नाही.

पण पंक पंक म्हणून आपण ज्याच्या आरत्या ओवाळतो ते तरी काय होतं? सेक्स पिस्टल्स या पंक बँडने 1976 च्या ऑक्टोबरमध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीकडून 40,000 पौंड घेऊन सही केली, जानेवारीत ईएमआयने हाकललं, मार्चमध्ये एअँडएमने घेतलं आणि आठवडाभरात सोडलं, मे महिन्यात व्हर्जिन. वर्षाच्या आत तीन कंपन्या! याला क्रांती म्हणायचं तर आपल्याकडचे आमदार लई मोठे क्रांतिकारक निघतील. त्या सगळ्या गोंगाटात मला आवडतात ते मँचेस्टरचा बँड बझकॉक्स. त्यांनी उधार-उसनवारी करून 500 पौंड जमवले, स्वतःच रेकॉर्ड काढली, स्वतःचं लेबल टाकलं, 1977 च्या जानेवारीत विकायला ठेवली, आणि बाकीच्या पोरांना कळलं की अरे हे तर आपल्यालाही जमेल. पंकमधलं टिकलं ते एवढंच. केस, पिना, शिव्या हे सगळं पुढे दुकानात विकायला आलं.

आणि आता गंमत बघा, हे जे "आपल्यालाही जमेल" आहे ना ते डान्स म्युझिकच्या जन्मातच आहे, बाहेरून आणायची गरजच नाही. 12 जुलै 1979 ला शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये बेसबॉलच्या दोन मॅचच्या मध्ये डिस्कोच्या रेकॉर्डी बॉम्ब लावून उडवल्या, रॉकवाली पब्लिक मैदानात घुसली, दुसरी मॅच रद्द करावी लागली. डिस्को मेला म्हणून सगळे नाचले. आणि त्याच शहरात वेअरहाउस नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स नावाचा माणूस, समोर बहुतेक सगळे काळे आणि लॅटिनो, त्यात गे पोरं जास्त, ज्यांना बाकी कुठं कोणी उभं करत नव्हतं, त्यांच्यासाठी तोच "मेलेला" डिस्को कापून जोडून रात्रभर वाजवत होता. मशीनच्या ठोक्यावर नाचायचं हाउस म्युझिक तिथून आलं.

मशीनची गोष्ट तर अजून भारी. रोलंड कंपनीने टीबी-303 नावाचं बेसचं मशीन काढलं ते गिटारवाल्यांना घरी प्रॅक्टिस करताना बेसची साथ मिळावी म्हणून. बेससारखं ते अजिबात वाजत नव्हतं, कोणी घेईना, 1984 ला बंद केलं, मग सेकंडहँडमध्ये मातीच्या भावात मिळायला लागलं. शिकागोच्या तीन पोरांनी, फ्युचर नाव त्यांच्या ग्रुपचं, असंच एक जुनं 303 आणलं, त्याची बटणं नको तिकडं पिळली आणि ते मशीन चिरकायला लागलं. ती टेप त्यांनी म्युझिक बॉक्स क्लबच्या डीजे रॉन हार्डीकडे दिली. किस्सा असा सांगतात की त्याने पहिल्यांदा वाजवलं तर लोक फ्लोअर सोडून गेले. थोड्या वेळाने परत वाजवलं, थोडे थांबले. तिसऱ्यांदा वाजवलं. रात्र संपत आली तेव्हा चौथ्यांदा वाजवलं आणि पब्लिक येडी झाली. पुढे 1987 ला ते "ॲसिड ट्रॅक्स" नावाने निघालं.

चारदा, एका रात्रीत. माझं सगळं म्हणणं ह्याच्यावरच उभं आहे.

कारण तेच 303, सोबत रोलंडचंच 808 ड्रम मशीन, हे आपल्या मुंबईत 1982 लाच आलं होतं. चरणजीत सिंग, हिंदी सिनेमाच्या गाण्यांना गिटार वाजवणारे सेशन म्युझिशियन, त्यांनी या मशिनींवर दहा राग बसवले, खाली डिस्कोचा ठोका, आणि एचएमव्हीने तो अल्बम काढला. आज ऐकला तर अंगावर काटा येतो, शिकागोच्या पाच वर्षं आधी भैरव तसाच चिरकतोय. चालला का? नाही चालला. पुढे 2002 ला एका डच माणसाला त्याची रेकॉर्ड दिल्लीत सापडली, 2010 ला परत निघाली, मग सगळं जग म्हणायला लागलं की ॲसिड हाउस, म्हणजे 303 चं ते चिरकणारं हाउस, भारतात जन्मलं. मला ते पटत नाही. चरणजीत सिंगांनी जे केलं ते ग्रेटच, पण एकट्या माणसाने स्टुडिओत केलं, तिथून दुकानात गेलं, दुकानातून कपाटात. मशीन तेच, डोकं कदाचित जास्तच, फक्त समोर रॉन हार्डी नव्हता आणि परत परत फ्लोअरवर येणारी ती पब्लिक नव्हती. नवीन आवाज पहिल्यांदा ऐकला की माणूस तोंड वाकडं करतोच, तो पायात उतरायला चार वेळा लागतात, आणि ते चार वेळा वाजवू देणारी जागा लागते.

बंडखोरीचंच बघायचं तर पंकने टीव्हीवर शिव्या दिल्या आणि पेपरात हेडलाइन आल्या. पण इंग्लंडमध्ये 1992 ला कॅसलमॉर्टनच्या मोकळ्या माळावर फुकटची रेव्ह, म्हणजे मोठ्ठी डान्स पार्टी, झाली, हजारो पोरं आठवडाभर नाचली, आणि सरकार एवढं हादरलं की 1994 च्या कायद्यात रात्रीच्या मोकळ्यावरच्या जमावाबद्दल लिहिताना एकामागून एक तेच ते ठोके असणारं संगीत अशी व्याख्याच टाकली. गिटारच्या तीन कॉर्डवर कायदा झालेला मी तरी ऐकला नाही. तेव्हा गिटारवाल्याने आम्हाला बंड शिकवू नये, बस.

आता खान्देशात या. लगीनसराईत संध्याकाळी अमळनेर-चोपडा रोडला निघा, फाट्याफाट्यावर वरात अडवते, पुढे आयशर, त्यावर बेस आणि टॉप स्पीकरची भिंत, वर शार्पी लाइट गरगरताहेत, मागे जनरेटर, आणि ऑपरेटर कुठंय म्हणाल तर गाडीच्या पोटात लॅपटॉप आणि मिक्सर घेऊन घामाने भिजलेला बसलाय. त्याच्याकडे कोणी बघत नाही. नवरदेवाचे दोस्त, काकू, मामा, बारकी पोरं, सगळे एकमेकांकडे तोंड करून नाचतात. अमेरिकेत डेट्रॉइटच्या अंडरग्राउंड रेझिस्टन्स या टेक्नो ग्रुपवाली मंडळी तोंडाला मास्क बांधून वाजवायची, चेहरा नको आवाज ऐका म्हणून, ती गोष्ट आमच्याकडे कोणी न सांगता झालेली आहे. आणि मोठ्या फेस्टिव्हलला हजारो माणसं एकाच दिशेला तोंड करून, फोन वर धरून, स्टेजवरच्या एका माणसाकडे बघत उभी असतात. तिथं डान्स कमी आणि दर्शनाची रांग जास्त.

आता लगेच आमच्या डीजेला डोक्यावर घेऊ नका, तिथंही घाण आहे. सध्या स्पर्धा फक्त भिंतीची. कोणाचे किती बेस, कोणाची एलईडी मोठी, कोणाच्या आवाजाने कोणाच्या खिडकीची काच गेली. गाडीचेच फॅन, गाडीचेच रील, आणि वाजतं काय तर तोच सायरन, तोच प्रेशर हॉर्न, तेच कोणीतरी बनवलेलं रिमिक्स पॅक, मध्ये मध्ये डीजेच्या नावाचा टॅग. आणि हो, रात्री दहानंतर बंद म्हणजे बंद, त्याला माझा फुल सपोर्ट आहे. 2000 सालचा नियम आहे, रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि त्या भिंतीसमोर 55 म्हणजे निव्वळ जोक. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांची छाती धडधडते त्याला मी क्रांती म्हणणार नाही.

माझा चुलतभाऊ पारोळ्याकडे ऑपरेटर आहे. दिवसा कापसाच्या जिनिंगमध्ये, सीझनला रात्री गाडीवर. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ हे गाणी बनवायचं सॉफ्टवेअर आहे, कसा आला ते विचारू नका. या सॉफ्टवेअरवर आख्ख्या जगात पोरांनी कायच्या काय करून ठेवलंय, दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या वस्त्यांमधल्या पोरांनी यावरच गकोम नावाचं डान्स म्युझिक बनवलं, काळंकुट्ट, तुटक, जड, आणि तिथल्या टॅक्सीवाल्यांनी ते वाजवून वाजवून सगळ्या शहराच्या कानात घातलं. टॅक्सी म्हणजे तिथला फ्लोअर. भावाने पण एक ट्यून बनवली. आमच्या मोठ्या मायने म्हटलेलं कानबाई देवीचं गाणं त्याच्या फोनमध्ये होतं, श्रावणात तिच्या रोटाच्या सणाला रेकॉर्ड केलेलं, त्याने त्यातली दोनच ओळींची तान उचलली, बाकी सगळं काढून टाकलं, खाली एकदम हळू जड किक आणि वर 303 सारखी एक चिरकणारी लाइन. मी हेडफोनवर ऐकलं आणि च्यायला, खोटं नाही सांगत, मोठी माय अंधारात कुठंतरी लांबून गातेय आणि जमीन खालून ढकलतेय असं वाटलं. ना ड्रॉप ना सायरन.

त्याने ती एका हळदीला लावली. अर्धा मिनिट पब्लिक उभी राहिली. एका काकूंनी आवाज ओळखला, म्हणजे गाणं ओळखलं, आणि त्या एकट्या हात वर करून हलायला लागल्या. तेवढ्यात नवरदेवाचा दोस्त गाडीवर चढला, "भो, हाई काय वाजाडी ऱ्हायना? रिमिक्स लाव ना!" आणि भावाने बदललं. बदलणारच, पैसे त्यांचे, उद्याची सुपारी पण त्यांच्याच गावातून येणार. काकू परत खुर्चीवर जाऊन बसल्या.

बघा, इथं मशीन आहे, सॉफ्टवेअर आहे, पब्लिक आहे, डोकं आहे. यूट्यूबवर अहिराणी गाणी कोटीकोटींनी चालतात, ती पोरं पण घरच्या घरीच बनवतात, कोणत्या कंपनीच्या दारात गेली नाहीत. बझकॉक्सवालं काम तर आमच्याकडे झालेलंय. नाही ती फक्त दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा वाजवायची मुभा.

ती मुभा मला दिसली ती नंदुरबारकडे. नवापूर, तळोदा, अक्कलकुव्याच्या पट्ट्यात आदिवासी लग्नांत गाडीवर आख्खा बँडच असतो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, स्पीकर, रोडाली म्हणा टिमली म्हणा, गुजरातच्या हद्दीपर्यंत आणि पलीकडेही हाच प्रकार. कीबोर्डवाला शहनाईसारखा, पावरी या आदिवासी वाद्यासारखा नाकातला टोन लावतो आणि एकच धून धरून बसतो. माणसं हात धरून ओळीने गोल फिरतात, म्हाताऱ्यांपासून पोरींपर्यंत, आणि तो वाजवणारा त्या गोलाकडे बघत धून लांबवतो, एखादा सूर बदलतो, परत जागेवर आणतो. बाहेरचा माणूस पहिल्यांदा म्हणतो काय हे तेच तेच. थोडा वेळ थांबला की त्याचेही पाय हलतात. हे इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक नाही तर काय आहे? दाखवा मला शिकागोत आणि यात फरक, इंग्रजी पेपरात छापून आलं नाही एवढाच. फर्माईश तिथंही होत असणार, पण दर तीन मिनिटांनी गाणं बदललं तर तो गोलच तुटतो, म्हणून कोणी बदल म्हणत नाही.

तर माझ्या गिटारवाल्या दोस्ताला सांगणं हे की फोडाफोडी राहू दे. फेस्टिव्हलवाले आपल्या वजनाने एकदा पडलेत, परत पडतील, ते त्यांचं त्यांना. मला नवीन ट्यून फसू शकेल अशी जागा हवीय, आणि ती बुकिंग असलेल्या लग्नात मिळणार नाही हे मलाही कळतं.

एक जागा आहे पण. सीझन सुरू व्हायच्या आधी प्रत्येक सेटअपवाला गावाबाहेर मोकळ्या मैदानात साउंड चेक करतो, दिवसाउजेडी. आजूबाजूच्या गावांची पोरं मोटरसायकली घेऊन फुकटात जमतात. तिथं नवरदेव नाही, सुपारी नाही, गाडीवर चढून बदल म्हणणारं कोणी नाही. मी भावाला म्हटलं, या वेळी साउंड चेकला मोठ्या मायवाली ट्यून लाव, पोरं ओरडली तरी लाव, थोड्या वेळाने परत लाव, चारदा लाव. तो म्हणाला, "लावतो ना दादा, पण जनरेटरचं डिझेल तू टाकशील तर." टाकतो म्हटलंय. ज्यांना यायचं त्यांनी कमेंटमध्ये गाव लिहा, तारीख ठरली की कळवतो, आणि कॉन्ट्री काढणार आहे हे आत्ताच सांगून ठेवतो.