शिवाय

भाचीच्या इंग्रजीच्या वहीत एका शब्दाभोवती लाल शाईचा गोल होता. वाक्य असं : 'ऑल द बॉइज केम बिसाइड्स राजू.' बाईंनी गोल तेवढा केला होता, कारण लिहिलं नव्हतं.

"राजूशिवाय सगळी मुलं आली. शिवाय म्हणजे बिसाइड्स. मग चुकलं काय, आत्या?"

चुकलं एवढंच, की 'बिसाइड्स'चा स्वभाव भर घालण्याचा. 'बिसाइड्स राजू, फोर बॉइज केम' म्हटलं की राजू धरून पाच मुलं मोजायची. सगळे आले आणि राजूच तेवढा आला नाही, तर तिथे 'एक्सेप्ट' हवं. वाक्यात 'नोबडी' असला की मात्र दोन्ही चालतात. 'नोबडी केम बिसाइड्स राजू' म्हणा नाहीतर 'एक्सेप्ट राजू' म्हणा, राजू एकटाच आलेला असतो. त्यात शेवटचा 'एस' गाळलात तर 'बिसाइड राजू' म्हणजे राजूच्या शेजारी. या सगळ्यात मला आपला वाटतो तो 'अपार्ट फ्रॉम'. तो भरही घालतो आणि वगळतोही. कुठलं काम करायचं ते आजूबाजूचे शब्द बघून ठरवतो.

अगदी आपल्या 'शिवाय'सारखा. 'राजूशिवाय सगळे आले' यात राजू घरी बसलेला. 'राजूशिवाय आणखी चौघे आले' म्हटलं की तोच राजू चपला काढून आत आलेला. 'शिवाय' जागचा हलला नाही, पण शेजारी 'सगळे' आहेत की 'आणखी', यावर राजूची हजेरी ठरली. 'मामाशिवाय मावशीही आली' यात तर तो एवढासा 'ही' मामाला दारातून आत घेतो. आणि क्रियापदामागे लागला की 'शिवाय'चा तिसराच नूर : मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही. इथे भर नाही, वगळणं नाही, नुसती अट.

शाळेच्या व्याकरणात 'शिवाय' दोनदा भेटायचा. शब्दयोगी अव्ययांत खेरीज, वाचून, विना यांच्या पंगतीला, आणि उभयान्वयी अव्ययांत आणि, व, अन् यांच्या. तेव्हा मला ती छपाईची चूक वाटली होती. (त्याआधी 'नमः शिवाय'मधला शिवाय हाच, असंही वाटायचं. नमस्कार, शिवाय आणखी काहीतरी. ती शिव शब्दाची चतुर्थी, हे बऱ्याच उशिरा कळलं.) आपला हा शिवाय अरबी 'सिवा'चा, फारसीतून आलेला. त्याचा सोबती खेरीजही तिकडचाच. कोर्टात अर्ज खारीज होतो तो खारीज आणि हा खेरीज मुळात एकच. खारीज म्हणजे बाहेरचा. पण मराठीत मुरल्यावर हा बाहेरचा माणूसही 'याखेरीज' म्हणत यादीत नावं वाढवायला लागला.

बाहेर काढायला आलेले हे दोघे भर कशी घालायला लागले, ते मला व्याकरणापेक्षा पुण्यातल्या घरमालकीणबाईंनी नीट शिकवलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी खोली बघायला गेले होते. काकू म्हणाल्या, "भाडं दीड हजार, लाइट-पाण्याशिवाय."

मी घाबरून विचारलं, "म्हणजे खोलीत लाइट नाही?"

"आहे की! लाइटही आहे, पाणीही आहे. त्याचे वेगळे."

त्यांच्या दीड हजारातून लाइट-पाणी वगळलेलं होतं, म्हणूनच ते माझ्या खर्चात जमा झालं होतं. काकूंची वजाबाकी ती माझी बेरीज. पुढे दर महिन्याला ही गोष्ट त्या एका चिठोऱ्यावर मांडून द्यायच्या. वर भाडं, खाली 'शिवाय', आणि त्याखाली दोन आकडे. पावसाळ्यात गिझरचा तिसरा.

भाचीला काकूंची गोष्ट फार आवडली. वहीत तिने 'बिसाइड्स' खोडून 'एक्सेप्ट' केलं, मग जरा विचार करून तेही खोडलं आणि 'अपार्ट फ्रॉम' लिहिलं. "हे कसंही चालतं ना?" मी मान डोलावली. आळशी उत्तर होतं, पण बरोबर होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून दादाने विचारलं, "ताई, चहाशिवाय काही करू का?"

"चहा धरून की सोडून?" भाची इथूनच ओरडली.

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"धरून रे," मी म्हटलं, "आधी चहा टाक."