कोरी जागा

९ डिसेंबर २०१७ च्या संध्याकाळी मडगावात, फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये एफसी गोवाचा फॉरवर्ड कोरो यानं सात मिनिटांत तीन गोल मारले. त्यातले दोन झाले तेव्हा मी जिन्याखाली कटलेट-पावाच्या रांगेत उभा होतो.

इंडियन सुपर लीगमधली केरळा ब्लास्टर्सशी मॅच. मध्यंतराला दोन-दोन. खेळ सुरू व्हायच्या आत येतो, असं मामांना सांगून मी उठलो. डोक्यावरचं काँक्रीट पहिल्यांदा हादरलं तेव्हा माझ्यापुढं अजून एकजण होता. पाव कापणाऱ्या पोरानं सुरी तशीच हातात धरून छताकडं बघितलं आणि म्हणाला, "कोरो." त्याला कसं कळलं कोण जाणे. सुटे पैसे परत घेईपर्यंत छत पुन्हा हादरलं. तिसरा गोल मात्र मी बघितला. म्हणजे जिन्याच्या तोंडाशी उभा राहून, दोन्ही हातांत कागदात गुंडाळलेले पाव सांभाळत, एका उंच माणसाच्या खांद्यावरनं जाळं हललेलं बघितलं. पाच-दोन. स्कोअर शेवटपर्यंत तसाच राहिला.

"कसे मारले?" मी मामांना विचारलं.

मामांनी आधी कटलेट हातात घेतलं, कागद उलगडला. "मारूंक ना," ते म्हणाले. "थंय आशिल्लो."

मारले नाहीत, तिथं होता. आता याला काय उत्तर द्यायचं?

मामा म्हणजे बायकोचे मामा, मडगावचे. मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीनं फोंड्याला आलेला. आमच्याकडं फॉरवर्डची कल्पना साधी आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या टीम समोरासमोर उभे राहिले, की ज्याच्या पायात बॉल गेल्यावर अख्खी गॅलरी उठते तो फॉरवर्ड. अंगानं भक्कम, लांबनं हाणणारा. बॉल पोस्टावरनं थेट भिंतीपलीकडं गेला तरी चालेल, पण आवाज आला पाहिजे. त्या मापानं बघितलं तर हा फेरान कोरोमिनास (एवढं लांब नाव घ्यायला गोव्यात वेळ कुणाला, कोरो) अगदीच किरकोळ. उंचीनं बेताचा, चौतीस वर्षांचा, बऱ्याच वेळा नुसता चालत असणारा. पहिल्या मॅचला मी मामांना हळूच विचारलंही होतं, याला बरं नाही का?

पुढच्या मॅचला मामांनी माझी शिकवणीच घेतली. "बॉल सोडात, ताका पळयात." दहा मिनिटं बॉलकडं बघायचं नाही, त्याच्याकडंच बघायचं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. मान आपोआप बॉलकडं वळते, ती हातानं धरून ठेवायची पाळी येते.

पण एकदा दिसायला लागलं की मग दुसरं काही दिसेना. तो उभा राहायचा तो समोरच्या टीमच्या बॅकच्या, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या, बरोबर पाठीमागं, खांद्याआड. बॉल डावीकडं गोव्याच्याच मंदार राव देसाईच्या पायात असला की बॅकला बॉल तरी बघता येतो नाहीतर कोरो तरी. बॅक मान वळवून एकदा बघून घ्यायचा, आहे. पुन्हा बॉलकडं बघायचा. तेवढ्यात हा दोन पावलं बॉलच्या दिशेनं यायचा, बॅक त्याच्याबरोबर ओढला जायचा, आणि बॅकनं सोडलेल्या जागेत हाच परत पळत जायचा. पास आला तर एका स्पर्शात जाळ्यात. नाही आला तर हात झटकणं नाही, पास न देणाऱ्यावर डोळे वटारणं नाही. चालत चालत परत खांद्याआड. मी मोजत होतो. दहा मिनिटांत सहा वेळा तो असा पळाला आणि सहाही वेळा पास आला नाही. सातव्यांदाही तो त्याच ओढीनं पळाला. आमच्या ऑफिसात दोनदा फाइल परत आली तर माणूस तिसऱ्यांदा पाठवत नाही.

त्यामुळं त्याचे गोल बघताना नेहमी वाटायचं, हा तर मीही मारला असता. सहा यार्डांवर, समोर कुणी नाही, पाय लावायचा एवढंच. पान मजकुरानं गच्च भरलेलं असावं आणि त्यात बोटभर कोरी जागा नेमकी याला सापडावी, तसं. नावातच कोरं आहे, असं मी मामांना म्हटलं. त्यांना हा विनोद फारसा आवडला नाही.

स्पेनमध्ये तो काही गोलांचा ढीग घालणारा म्हणून ओळखला गेला नाही. एस्पान्योल क्लबमध्ये बऱ्याचदा कडेनं खेळायचा, बऱ्याचदा बाकावरनं यायचा. पण १३ मे २००६ ला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, एस्पान्योल खालच्या विभागात घसरायच्या बेतात असताना रेआल सोसिएदादविरुद्ध इंज्युरी टाइममध्ये त्यानं गोल केला आणि क्लब तरला. मग ओसासुना, जिरोना, एल्चे, मायोर्का, सायप्रस असं फिरत २०१७ मध्ये तो गोव्यात आला. इथं कोच सर्जिओ लोबेरांची टीम मागनं पास जोडत यायची आणि लान्सारोते, बेदिया, पुढं बूमूस या साथीदारांना त्याचं पळणं दिसायचं. दिसणारे नसते तर तो जन्मभर सहा वेळा फुकटच पळाला असता. पहिल्या हंगामात अठरा गोल, दुसऱ्यात सोळा, दोन्ही वर्षं सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट. तिसऱ्यात चौदा, आणि त्याच्या पुढं असलेले तिघं पंधरावर. एकूण ५७ सामन्यांत ४८.

मामांना हे आकडे सांगितले की ते रँटी मार्टिन्सचे सांगतात. गोव्याच्याच डेम्पो क्लबसाठी २०११-१२ च्या एकाच आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये, बत्तीस. मामा डेम्पोचे, त्यामुळं तिथं वाद घालायचा नसतो.

कोरोमुळं माझं जे काय नुकसान झालं ते निराळंच. भात कापून झालं की इथं शेताशेतांत बांबूचे गोलपोस्ट उभे राहतात. फोंड्याजवळच्या अशाच एका शेतात आमच्या ऑफिसची वाड्यावरच्या पोरांशी मॅच होती. पायाला सडं टोचत होती. मी ठरवून बॅकच्या खांद्याआड जाऊन उभा राहिलो. पास आला, पाय लावला, गोल! बांधावर बसलेल्या म्हाताऱ्या लाइनमननं पिवळा रुमाल वर केलेला. ऑफसाइड, म्हणजे पास येण्याआधीच मी बॅकच्या पुढं गेलेलो, गोल बाद. पुन्हा पास, पुन्हा रुमाल. चौथ्या वेळी तर बॉल माझ्याकडं आलाही नव्हता, नुसता मी हललो तरी त्यानं रुमाल वर केला.

२०२० मध्ये गोवा लीगच्या साखळी फेरीत पहिला आला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. ते सामने २०२१ च्या एप्रिलमध्ये फातोर्ड्यालाच झाले, रिकाम्या गॅलऱ्यांपुढं. कोरो तोवर निघून गेला होता.

मामा रविवारी सकाळी मडगावच्या मासळी बाजारात असतात. गर्दीत ते कधी घुसत नाहीत. जिथं काहीच नाही अशा एखाद्या ओल्या फरशीपाशी पिशवी घेऊन उगाच उभे असतात. थोड्या वेळानं एक बाई डोक्यावरची पाटी नेमकी तिथंच उतरवते आणि लोक वळेपर्यंत मामांच्या पिशवीत बांगडे पडलेले असतात. परवा मी त्यांच्या आधी जाऊन त्याच फरशीपाशी उभा राहिलो. बाई आली, माझ्याकडं बघितलं, चार पावलं पुढं गेली आणि तिकडं पाटी ठेवली. गर्दी तिकडं. मी मामांना शोधलं. ते त्या पाटीच्या पलीकडं आधीच उभे होते, आणि माझ्याकडं बघत त्यांनी रिकामी पिवळी पिशवी डोक्यावर उंच धरली होती.