न्यूयॉर्क किती दूर आहे ते मायला सांगायचं होतं

भाची ऑगस्टमध्ये शिकायला न्यूयॉर्कला गेली. तिकीट आलं तेव्हा मी मायला वाचून दाखवलं, मुंबईवरून रात्री 2 ला निघणार, सकाळी साडेआठला उतरणार, तारीख तीच. माय म्हणे, "साडेसहाच तास? मंग तं जवळच हाय." आता तिकिटावर दोन्ही टाइम त्या त्या गावचे असतात आणि न्यूयॉर्कचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागं (हिवाळ्यात साडेदहा), तेवढे मिळवले की खरे तास निघतात 16.

पण मायचा प्रश्न तासाचा नव्हताच, पोरगी कितीक दूर चालली हे तिला पाहायचं होतं. म्हणून शाळेतून पृथ्वीगोल मागून आणला आणि तिचाच गोधडीचा दोरा घेतला. आधी दोरा विषुववृत्तावरून पूर्ण फिरवला, पट्टीवर भरला 60 सेंटीमीटर, म्हणजे झाले 40 हजार किलोमीटर. मग मुंबईवर मायचं बोट ठेवलं, न्यूयॉर्कवर माझं, आणि दोरा ताणला.

भिंतीवरच्या नकाशावर पाहाल तर सरळ रेघ अरबस्तान, वरचा आफ्रिका आणि मग अटलांटिक अशी जाते, मलाही तेच वाटत होतं, पण दोरा ताणला की आपोआप वर सरकते. रशिया, फिनलंड, आइसलंड, ग्रीनलंडचं खालचं टोक आणि मग खाली अमेरिका! सपाट कागदावर वरचे देश फाकून मोठे दिसतात म्हणून ही वाट लांब वाटते, गोलावर तीच सगळ्यात जवळची. दोरा भरला पावणेएकोणीस सेंटीमीटर म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर.

मग विमान ताशी 900 नं जाते तर 14 तासच लागायला पाहिजे न? नाही लागत. चढणं-उतरणं आलं, आणि दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहते, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, जाताना तो तोंडावर येते आणि येताना पाठीवर, त्याच्यानं येतानाचा प्रवास तास-दीड तास कमी. दुसरं, विमान दोऱ्यासारखं जाऊच शकत नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांसाठी आपलं आकाश बंद केलं तेव्हा आपल्या कंपन्यांना मोठा वळसा घालावा लागला, अंतर नकाशात होतं तेवढंच राहिलं, तास वाढले.

माय सगळं ऐकून राहिली होती. मग हळूच म्हणे, "तिले बरं नाई वाटलं, अन् तिनं घरी यायचं म्हटलं, तं कधी पोचन?"

हे कोणत्याच वेबसाइटवर लिहिलेलं नसते. मी वहीच घेतली. तिच्या रूमवरून एअरपोर्ट 2 तास, तिथं आधी 3, विमानात 15, मुंबईला नागपूरच्या विमानाची वाट पाहत 8, ते विमान दीड (ते 700 किलोमीटरच आहे), सोनेगाव विमानतळावरून बसस्टँड अन् गाडी लागेपर्यंत दीड, आमच्या फाट्यापर्यंत एसटी 4, फाट्यावरून गावात यायला ऑटो भरेपर्यंत 1. छत्तीस.

"म्हंजे दीड दिवस," माय म्हणे. दोरा तिनं रिळाला गुंडाळला. "माह्या लग्नात आमचं वऱ्हाड बैलबंडीनं तेवढ्यातच आलं होतं."