आमची वाटचाल: लोगोपासून बिलापर्यंत

आमच्या डिझाइन स्टुडिओत येणारा जवळपास प्रत्येक जण पहिलं वाक्य हेच बोलतो, "एक लोगो करून हवाय." सुरुवातीची काही वर्षं आम्हीही तेच करत होतो, लोगो, व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड, बोर्ड, फार तर एखादं ब्रोशर. त्यात वाईट काही नव्हतं, हात बसत गेला आणि प्रेसमध्ये ताटकळून ताटकळून रंग कसे वागतात तेही कळलं. स्क्रीनवरचा रंग लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशातून बनतो आणि कागदावरचा चार शाईंमधून, त्यामुळे मोबाईलवर झगझगीत दिसणारा निळा छापून आला की मान टाकतो, आणि हे क्लायंटला आधी सांगितलं नसेल तर पुढचे कितीतरी फोन त्याच एका विषयावर. पॅन्टोन कंपनीची, प्रत्येक रंगाला ठरलेला नंबर देणारी शेडकार्डं १९६३ पासून याच भांडणासाठी आहेत, नंबर सांगायचा आणि वाद मिटवायचा (बहुतेक वेळा मिटतो).

तेव्हा आणखी एक पद्धत होती, पाच ऑप्शन द्यायचे. मग क्लायंट म्हणणार पहिल्याचा फॉन्ट, तिसऱ्याचा रंग आणि चौथ्याचं ते गोल गोल. पॉल रँड या नावाजलेल्या अमेरिकन डिझायनरने १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्जच्या नेक्स्ट कंपनीला एकच लोगो दिला होता, वापरा किंवा वापरू नका म्हणून. आम्ही काही पॉल रँड नाही, पण आता दोनाच्या वर देत नाही आणि प्रत्येकाच्या मागचं कारण तोंडी सांगतो.

खरं वळण आलं ते एका जुन्या क्लायंटमुळे. लोगो छान झालाय म्हणाला, पण ऑनलाईन ऑर्डर अर्ध्यातच सोडून लोक जातात. आम्ही त्याला म्हटलं, गिऱ्हाईकाला तुमच्याकडून जे जे मिळतं ते सगळं दाखवा, बिलं, एसएमएस, ईमेल, फॉर्म, फोनवरची रेकॉर्डेड टेप, सगळंच. टेबलावर मांडलं तर कंपनीचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेलं, बिलावर तक्रारीचा नंबर इतक्या फिकट राखाडी रंगात की उजेडात धरून वाचावा लागेल, आणि पेमेंट अडकलं की स्क्रीनवर नुसतं "काहीतरी चुकलं". अहो काय चुकलं, पैसे कापले गेले का, परत प्रयत्न करू का थांबू? त्या क्षणी माणूस घाबरलेला असतो, लोगोकडे बघतंय कोण! आम्ही ते वाक्य बदलून "पेमेंट पूर्ण झालं नाही, खात्यातून पैसे गेले असतील तर परत जमा होतील, तोवर पुन्हा पैसे भरू नका" असं केलं, किती दिवसांत जमा होतील तेही त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना विचारून घातलं.

तेव्हापासून कामाचा क्रमच उलटा झाला. आधी फोन उचलणाऱ्या माणसाशी बोलतो, मालकाशी नंतर, कारण लोक रोज काय विचारतात ते त्याला पाठ असतं. अक्षर आणि मागचा रंग यांच्यातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिक्या-गडदातला फरक, किमान ४.५ ला १ आहे का तपासतो, वेबसाठीचा हा नियम छापील बिलालाही लावतो, कोणी अडवत नाही. चूक दाखवायला फक्त लाल आणि बरोबर दाखवायला फक्त हिरवा रंग ठेवत नाही, तो फरक न दिसणारी माणसं भरपूर आहेत, सोबत शब्द हवाच. आणि बटण दाबल्यावर एक सेकंदाच्या वर लागणार असेल तर "काम चालू आहे" असं काहीतरी दिसलंच पाहिजे, नाहीतर माणूस परत दाबतो आणि ऑर्डर दोनदा पडते.

गॅप या अमेरिकन कपड्यांच्या कंपनीने २०१० मध्ये लोगो बदलला आणि ओरड झाल्यावर आठवडाभरात जुना परत आणला, ते उदाहरण लोक आम्हाला फार ऐकवतात, बघा, लोगो बदलू नये म्हणून. मला ते पटत नाही. बदल का केला हे गिऱ्हाईकाला जाणवलंच नाही तर त्याने नवीन चिन्हावर प्रेम कशाला करावं?

पैशाचं गणित मात्र अजून नीट जमलेलं नाही. लोगोचे पैसे द्यायला लोक तयार असतात, मेसेज नीट लिहून देण्याचे म्हटलं की "हे तर आम्हीच करू". म्हणून कोटेशनमध्ये आता "बिलं, मेसेज, फॉर्म" अशी वेगळी ओळ असते आणि काही जण पहिली तीच खोडतात. तरी लोगोचं काम घेतो का? घेतो, पगार द्यायचे असतात.