पहाटे ४ ते पहाटे ४

सासूबाईंना स्ट्रोक येऊन आता दोन वर्षं होतील. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धवट झालं, आणि मी नोकरी सोडली त्यालाही दीड वर्ष झालं. परवा बँकेत केवायसीचा फॉर्म भरताना काउंटरवरच्या मुलाने विचारलं मॅडम काय करता, मी म्हटलं काही नाही, घरीच असते. त्याने 'गृहिणी'वर टिक केली. त्याचं काहीच चुकलं नाही, पण 'काही नाही' हे माझ्याच तोंडून निघालं ते मला दिवसभर टोचत राहिलं.

केंद्र सरकारचा एक टाइम यूज सर्व्हे असतो, २०१९ ला पहिल्यांदा देशभर झाला आणि मग २०२४ ला. त्यात पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४ असे अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने असतात, कुठल्या वेळात काय केलं ते विचारतात. २०२४ चे आकडे असे, की स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचे ८८. घरातल्या माणसांची काळजी घेण्याचं वेगळं, १५ ते ५९ वयातल्या ४१ टक्के बायका ते करतात, पुरुष २१.४ टक्के.

मी पण वहीत रकाने आखले आणि एक दिवस लिहून काढला. साडेपाचला डायपर, अंग पुसणं, पावडर. मग लेकीचा डबा. आठला नाचणीचं सत्त्व, ते चमच्या चमच्याने, ठसका लागू नये म्हणून मान जरा पुढे धरून, अर्धा पाऊण तास. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर बेडसोअर, म्हणजे पडून पडून दाबाने होणारी जखम. फिजिओने शिकवलेले व्यायाम. रात्री दोनला परत उठायचं. पण सगळ्यात जास्त दमवतं ते कुठल्याच रकान्यात बसेना. एका रकान्यात एकापेक्षा जास्त कामं लिहायची सोय आहे हे खरंय, पण मी भाजी चिरत असते तेव्हा माझा एक कान आईंच्या खोलीत असतो, झोपेत पण असतो, हे काम म्हणून कुठे लिहायचं?

नोकरी मीच का सोडली तर माझा पगार कमी होता. साधा हिशोब होता, कोणी जबरदस्ती केली नाही, नवरा वाईट माणूस नाही, रविवारी सगळं तोच बघतो. पण माझा पगार कमी का होता? कारण लेक झाली तेव्हा मी तीन वर्षं घरी होते. म्हणजे पहिल्या वेळची काळजी दुसऱ्या वेळेला माझ्याविरुद्ध पुरावा झाली, आणि हा हिशोब प्रत्येक घरात असाच लागतो, म्हणून हा एकेका घराचा प्रश्न आहे असं मला आता वाटतच नाही.

सरकारी नियम पण तसेच आहेत. केंद्र सरकारच्या नोकरीत मुलांसाठी ७३० दिवसांची चाइल्ड केअर लीव्ह आहे, पण ती बायकांना आणि एकट्या बापांना. बायको असलेल्या बापाला नाही. म्हणजे घरात बाई आहे ना, मग झालं, हे नियमातच लिहून ठेवलंय! २०११ च्या जनगणनेत घरकाम हेच मुख्य काम सांगणाऱ्या बायका जवळजवळ १६ कोटी होत्या आणि पुरुष ५८ लाखांच्या आसपास, हे आकडे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२१ च्या एका निकालात दिलेत. तो खटला अपघातात गेलेल्या नवराबायकोच्या नुकसानभरपाईचा होता. कोर्टाने गृहिणीच्या कामाची किंमत धरली हे फार चांगलं झालं, पण ती धरायला बाई मरावी लागली ना.

लाडकी बहीणचे १५०० रुपये शेजारच्या वहिनींना मिळतात आणि त्यांना त्याचा उपयोग होतो, त्याला नावं ठेवणार नाही. फक्त तमिळनाडूत २०२३ ला बायकांना पैसे देणारी अशीच जी योजना आली तिच्या नावात 'उरिमै' आहे, म्हणजे हक्क. भावाने बहिणीला दिलेलं आणि कामाचा हक्क म्हणून आलेलं यात मला फार फरक वाटतो, रक्कम कितीही असो.

पण पैशांनी माझी दोन वाजताची झोप परत येत नाही. ब्युरोची बाई १२ तासांची ठेवायची तर महिन्याला २२ हजार सांगतात, आणि ती पण कोणाच्या तरी घरचं करून, स्वतःचं मूल सासूकडे टाकूनच येणार. केरळमध्ये २००८ पासून पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचं, सरकारी धोरण आहे, पंचायतीमार्फत नर्स अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी येते. मला आत्ता तेच हवंय. महिन्यातून दोनदा कोणी शिकलेली सिस्टर यावी, आईंना कुशीवर करून त्यांची पाठ बघावी, आणि कमरेखाली तो जो लालसर डाग दिसतोय तो नुसता दाब आहे की जखमेची सुरुवात हे तिने सांगावं, मी एकटीने मोबाईलच्या टॉर्चमध्ये ठरवायला नको.