हिवाळ्यातला कुआरी पास: बर्फाआधी चढावा लागणारा सर्टिफिकेटचा घाट

हिवाळ्यात उत्तराखंडातल्या कुआरी पासला, म्हणजे हिमालयातल्या एका खिंडीला, ट्रेकला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न असतो, थंडी किती? जानेवारीत वरच्या कॅम्पवर रात्री उणे आठ-दहा. सोसते. तिची सोय विकत मिळते, भाड्यानेही मिळते. मिळता मिळत नाही ती एमबीबीएस डॉक्टरची सही असलेली एका पानाची तंदुरुस्तीची चिठ्ठी. तिच्यावरचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून तिच्याबद्दल जास्त लिहितोय आणि बाकीचं ओघात.

आधी वाट थोडक्यात. ऋषिकेश ते जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर, म्हणजे पूर्ण दिवस. जोशीमठहून जीपने ढाक गाव, तिथून चढून गुलिंग (साधारण २,९०० मीटर), दुसऱ्या दिवशी खुल्लारा (साधारण ३,३५० मीटर), तिसऱ्या दिवशी पास गाठून परत खुल्लारा, मग उतार. पासची उंची सुमारे १२,५०० फूट. द्रोणागिरी, हाथी पर्वत, चौखंबा आणि हवा स्वच्छ असेल तर नंदादेवी, सगळं समोर. जंगलाचं परमिट गाईडने काढलं, आधारच्या दोन-दोन झेरॉक्स आणि फोटो दिले, संपलं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता ती चिठ्ठी. स्थानिक आयोजकाने पाठवलेल्या फॉर्मचे दोन भाग होते. वरचा आपण भरायचा: दमा, मधुमेह, रक्तदाब, फिट्स, आधीची ऑपरेशन्स, चालू गोळ्या. खालचा डॉक्टरने भरायचा: उंची, वजन, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, आणि तळाशी छापील वाक्य, ‘सदर व्यक्ती अतिउंचीवरील ट्रेकसाठी पूर्णपणे तंदुरुस्त आहे’. त्याखाली सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर. सगळं घोडं या एका वाक्यावर अडतं.

पहिला अडथळा पदवीचा. आमच्याकडच्या बऱ्याच घरांत फॅमिली डॉक्टर बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात. त्यांना तुमच्या आजोबांचा दमासुद्धा पाठ असतो, पण फॉर्मला एमबीबीएस किंवा त्यावरची पदवी लागते. म्हणजे जो तुम्हाला ओळखतो त्याची सही चालत नाही, आणि ज्याची चालते तो तुम्हाला ओळखत नाही. नात्यातल्या डेंटिस्टचा विचारही करू नका, कागद परत येतो.

दुसरा अडथळा ते छापील वाक्य. अनोळखी एमबीबीएस डॉक्टर तपासतो, आकडे भरतो, तळाशी येतो आणि पेन खाली ठेवतो. तेव्हा राग आला, पण त्याचं म्हणणं खोटं नाही. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर बसून कोण साडेतीन हजार मीटरवर कसा राहील हे कुणीच सांगू शकत नाही. उंचीचा त्रास कुणाला होईल याचा दमसासाशी फारसा संबंध नसतो. मॅरेथॉन पळणाऱ्याला होतो आणि त्याच्या सुटलेल्या पोटाच्या मित्राला होत नाही. ‘पूर्णपणे तंदुरुस्त’ असं लिहून दिलं आणि वर काही झालं तर कागदावर सही त्याची.

तिसरा अडथळा म्हणजे यातून निघालेला धंदा. एका मोठ्या रुग्णालयाच्या काउंटरवर सांगितलं गेलं, सही हवी असेल तर हेल्थ चेकअपचं पूर्ण पॅकेज घ्या. त्यात टूडी इको, स्ट्रेस टेस्ट, पोटाची सोनोग्राफी, विटामिन डी. विटामिन डीचा आणि कुआरी पासचा संबंध काय, याला उत्तर मिळालं नाही. चाळिशी ओलांडली असेल, घरात हृदयविकार असेल, साखर किंवा रक्तदाब असेल तर ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट जरूर करा, ती ट्रेकसाठी नाही तरी कामाचीच. पण तिशीतल्या, रोज पळणाऱ्या माणसाच्या गळ्यात पॅकेज मारणं ही निव्वळ अडवणूक आहे.

सुटलं ते वाक्य बदलून. डॉक्टरने स्वतःच्या लेटरहेडवर मोजलेले आकडे लिहिले आणि खाली: ‘आजच्या तपासणीत या व्यक्तीला डोंगरातील पदभ्रमणासाठी प्रतिबंध करणारा कोणताही आजार आढळला नाही.’ अशा वाक्यावर सही करायला डॉक्टर सहसा कचरत नाहीत, कारण ते फक्त आजच्या तपासणीबद्दल बोलतं, वर काय होईल याची हमी देत नाही. आयोजकाने आधी ‘आमचाच फॉर्म हवा’ असा हेका धरला. मग फॉर्मचा वरचा भाग भरून, खालच्या भागात ‘सोबतचे पत्र पाहावे’ लिहून डॉक्टरचा शिक्का मारला आणि पत्र पिनने जोडलं. चाललं. हा मसुदा आयोजकाला आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून होकार घ्या आणि मगच डॉक्टरकडे जा. उलट केलंत तर दोन वेळा फी.

अजून दोन फाटे. सर्टिफिकेट तीस दिवसांपेक्षा जुनं चालत नव्हतं, आणि तीस दिवस ट्रेक सुरू होण्याच्या तारखेपासून मागे मोजायचे होते. तपासण्या आधी उरकून घ्या, सही शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत. शिक्क्यात रजिस्ट्रेशन नंबर नसेल तर तो हाताने लिहून घ्या, नुसतं नाव चालत नाही. दुसरा फाटा रक्तदाबाचा. सहीच्या चिंतेने धापा टाकत जिना चढून गेलात की आकडा १४५-९५ येतो आणि तो एकदा कागदावर आला की खोडता येत नाही. अर्धा तास आधी चहा-सिगरेट नको, पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून बसा, दुसऱ्यांदा मोजायला सांगा. रक्तदाबाची गोळी चालू असेल आणि आकडा आटोक्यात असेल तर लपवू नका. घरी मोजलेल्या आठवड्याभराच्या नोंदी बरोबर न्या, डॉक्टर त्यावर विश्वास ठेवतात.

डॉक्टरसमोर बसलाच आहात तर डायमॉक्सबद्दलही, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल, विचारून घ्या. सर्वसाधारण डोस १२५ मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, उंची गाठण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरला आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, दोन्ही अपेक्षितच. डोकेदुखी, मळमळ वाढत चालली तर गोळीच्या भरवशावर चढत राहू नका, आणि चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर त्याच वेळी खाली उतरा, रात्र असली तरी. जोशीमठला एक जादा मुक्काम करा. १,८७५ मीटरवरून एका दिवसात थेट गुलिंग म्हणजे हजार मीटरची उडी आहे.

हिवाळ्यातली दुसरी डोकेदुखी म्हणजे राखीव दिवस. पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळी हवा) आला की एका रात्रीत गुडघाभर बर्फ पडतो, आणि ताज्या बर्फानंतरचे पहिले २४ तास तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर जायचं नसतं. पासखालचा शेवटचा चढ आणि वाटेतले आडवे उतार नेमके तसे आहेत. संरक्षण संशोधनाची डीजीआरई संस्था चमोली जिल्ह्यासाठी हिमस्खलनाचं बुलेटिन काढते, हवामान खात्याच्या अंदाजाबरोबर तेही बघा. राखीव दिवस नसला की गाईडवर ‘जाऊया ना’ असा दबाव येतो, आणि गाईडलाही त्या हंगामाची कमाई हवीच असते.

म्हणून तिकिटं. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण ६० दिवसांचं झालं आहे, पूर्वीसारखं १२० नाही. नाताळच्या आठवड्याची तिकिटं पहिल्याच सकाळी संपतात. दिल्लीमार्गे जात असाल तर डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात गाडी आणि विमान दोन्ही तासन्‌तास लटकतात, मध्ये एक अख्खी रात्र ठेवा. ऋषिकेशहून पहाटे निघायचं, कारण डोंगरातल्या रस्त्यावर रात्री गाड्या काढत नाहीत. परतीचं तिकीट राखीव दिवस धरूनच काढा. दिवस वाचला तर औलीत बसा.

औलीवरून आठवलं. जुन्या वर्णनांत गोरसों बुग्यालवर (बुग्याल म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण) तंबू टाकून औलीत उतरल्याचं वाचाल. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली, तेव्हा मुक्काम झाडोऱ्याच्या हद्दीतच. शिवाय त्या बाजूच्या वाटेत कड्याला लागून अरुंद पट्टा आहे. बर्फ घट्ट झाला की तिथे घसरायला वाव नाही. परत ढाककडे उतरणं कमी देखणं पण शहाणपणाचं. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचल्यावर औलीचा रोपवे बंद झाला, त्याच्या भरवशावर बेत आखू नका. जोशीमठहून औलीचा गाडीरस्ता सुमारे १५ किलोमीटरचा आहे.

स्लीपिंग बॅग भाड्याने घेताना लेबलवर ‘कम्फर्ट’ काय लिहिलंय ते वाचा. दुकानदार ‘एक्स्ट्रीम’चा आकडा सांगतो, आणि त्या आकड्याला माणूस झोपत नाही, जेमतेम तग धरतो. उणे दहा कम्फर्टची बॅग, खाली फोमची मॅट, कारण थंडी जास्त करून जमिनीतूनच येते. सुती बनियन, सुती मोजे, जीन्स घरी. ओलं सुती कापड अंगावर वाळतच नाही. हातमोजे दोन थरांचे, आतला पातळ. गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवरचं आवरण) आणि मायक्रोस्पाइक्स (बुटावर चढवायचे लोखंडी दाते) हवेच. मायक्रोस्पाइक्स बुटावर चढवून घरीच एकदा बघा, ट्रेकिंगच्या जाड बुटावर मधला साइज बसत नाही. काळा चष्मा यूव्ही ४०० आणि बाजूने झाकणारा. ढगाळ दिवशीही बर्फावर डोळे भाजतात आणि त्रास संध्याकाळी सुरू होतो.

नळीवाली पाण्याची पिशवी नेऊ नका, नळी आधी गोठते. रुंद तोंडाची बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, म्हणजे तोंडाकडे पाणीच राहतं. झोपताना गरम पाणी भरून ती मोज्यात घालून पायाशी घ्या, मोबाइल आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्याही बॅगेतच.

खुल्लाऱ्याला झरे गोठलेले असतील तर बर्फ वितळवावा लागतो, आणि इंधनाचा हिशेब इथे चुकतो. एक लिटर पाण्याइतका बर्फ नुसता वितळवायला लागणारी उष्णता, तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवायला पुरते. म्हणजे नेहमीच्या अंदाजाच्या जवळपास दुप्पट इंधन. भांड्याच्या तळाशी आधी कपभर पाणी घाला, कोरडा बर्फ टाकलात तर भांडं करपतं आणि पाण्याला वास लागतो. नुसत्या ब्यूटेनचा सिलिंडर शून्याच्या आसपास मरतो, आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या. आणि सिलिंडर विमानात किंवा रेल्वेत चालत नाही, ऋषिकेशला घ्या किंवा आयोजकाकडून आधी कबूल करून घ्या.

सरावासाठी पुणेकरांना आतकरवाडीहून सिंहगड पुरतो. आठ किलोची सॅक पाठीवर, तासाभरात वर, आणि उतरतानाही घाई न करता. गुडघे बर्फात उतरतानाच बोलतात. विदेशातून कुणी नातलग सॅटेलाइट मेसेंजर देऊ करेल, तो आणू नका. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसलं यंत्र बाळगणं भारतात गुन्हा आहे आणि विमानतळावरच अडवतात.

पासच्या दिवशी पहाटे पाचला टॉर्चवर निघायचं. डिसेंबर अखेरीस अंधार साडेपाचच्या सुमारास पडायला लागतो आणि दुपारी बर्फ मऊ होऊन प्रत्येक पाऊल मांडीपर्यंत जातं. परतायची वेळ आधीच ठरवा, साधारण सकाळी अकरा-साडेअकरा. पास दिसत असला तरी त्या वेळेला मागे फिरायचं. सर्टिफिकेटची मूळ प्रत मात्र जोशीमठलाच ठेवा, वर फोटोकॉपी न्या, कारण परतल्यावर आयोजकाने पुन्हा मागितली. कशासाठी, ते त्यालाच ठाऊक.